आत्याच्या साठ चिठ्ठ्या

आमच्या आत्याचा अंदाज कधी चुकत नाही, असं आत्याच सांगते. वॉर्डात नर्स म्हणून तीस वर्षं काढलेली बाई. कपाळाला हात न लावता ताप सांगते आणि बिस्किटांचा डबा रिकामा झाला की माझ्या धाकट्या बहिणीच्या चेहऱ्यावरून चोर ओळखते. पुरावा मागायची घरात कोणाची बिशाद नाही.

तर तिच्या वॉर्डात डॉक्टरीणबाईंनी एका औषधाची चाचणी काढली. गर्भपातानंतर कधीकधी गर्भाचा थोडा भाग पिशवीतच राहतो, तो ऑपरेशन करून काढावा लागतो. आधी ही गोळी दिली तर पिशवीचं तोंड सैल होऊन काम सोपं होतं का, हे बघायचं होतं. साठ बायका राजीखुशीनं तयार झाल्या. निम्म्यांना औषध, निम्म्यांना दिसायला अगदी तशीच, पण औषध नसलेली साधी गोळी. कोणाला कुठली, हे वॉर्डात कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

"मला कळेल," आत्या म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी लगेच एक पेटी आणून ठेवली. गोळी देणारीला ओळखता आलं, तर तिचं वागणं बदलणार आणि दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार. "मग ऑपरेशनला नेण्याआधी तुमचा अंदाज चिठ्ठीवर लिहून या पेटीत टाका. पण तोंडातून चकार शब्द नको!"

आत्या चक्क मुकाट्यानं चिठ्ठ्या टाकत गेली. त्या औषधानं थंडी वाजते हे तिला ठाऊक होतं, म्हणून गोळीनंतर बाईला हुडहुडी भरली की 'औषध', निवांत पडली की 'साधी'.

एकदा पहिलंच मूल गमावलेली एक पोरगी तिचा हात सोडेना. "सिस्टर, मला खरी गोळी मिळाली ना हो?" ती थरथरत होती, म्हणजे आत्याच्या हिशेबी औषधच. 'हो' म्हणायला काय जात होतं?

"मला माहीत नाही गं," आत्या म्हणाली, "पण मी इथेच आहे." "जन्मात पहिल्यांदा असं बोलले," हे आम्हाला सांगताना तिला रडू आलं.

शेवटी पेटी उघडली. साठांपैकी एकतीस अंदाज बरोबर. नाणं उडवूनही जवळपास तेवढेच आले असते. डॉक्टरीणबाईंनी तिला मिठीच मारली. "चुकलात! वाचवलंत मला!" गोळी ओळखता येत नव्हती, म्हणजे औषधाचा गुण आता आकडेच सांगणार होते. त्या पोरीला मात्र साधीच गोळी मिळाली होती. ती भीतीनंच थरथरत होती. तिचं ऑपरेशन नीट झालं होतं. आत्या म्हणाली, "बरं झालं बाई, 'हो' म्हटलं नाही."

त्या संध्याकाळी बिस्किटांचा डबा पुन्हा रिकामा निघाला. आत्या धाकटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला माहीत नाही. कोणी खाल्ली?"

इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदाच विचारलं होतं. "मी," मी म्हणालो. "दर वेळी मीच."