दादाने न विकलेले स्फटिक

आयसीयूच्या दारात डॉक्टर इतकंच म्हणाले, "गेले." वहिनी रडली नाही. माझी कॉलर धरून तिनं मला भिंतीवर आदळलं. "तुमच्या एका डोळ्यापायी गेला माझा नवरा!" खरंच होतं ते.

आधी आम्ही दोघे भाऊ दुसऱ्याच्या कारखान्यात लेसरचे स्फटिक घासायचो. तिथल्या मालकानं एकदा तडा गेलेला स्फटिक 'चालतंय' म्हणून लेसरमध्ये बसवला. चाचणीत तो फुटला, किरण भलतीकडे वळला आणि माझा डावा डोळा गेला. दादानं त्या मालकाचे दात पाडले, नोकरी सोडली आणि भाईंदर पूर्वेला स्वतःचा गाळा घेतला. तिथला कायदा एकच. तडा दिसला की स्फटिक सगळ्यांसमोर हातोड्यानं फोडायचा. काही स्फटिक इतके नाजूक, की नुसत्या तळहाताच्या उबेनंही तडकायचे. मग दादा आयाबहिणींचा उद्धार करत असा हातोडा हाणायचा, की शेजारचे गाळेवाले शटर ओढून घ्यायचे. पॅकिंग करणारी वहिनी वैतागायची, "अहो, विकून टाका ना, घ्यायला आहेत लोक!"

लोक होतेच. ब्यूटी क्लिनिकना स्वस्तातली लेसर मशिनं विकणारा एक व्यापारी दोन माणसं घेऊन आला. "सेठ, तोडना ही है तो हमको दे दो ना."

"किसी की आँख फोडेगा क्या? चल, निघ!" दादानं त्याला ढकललं. पहिला रॉड दादाच्या खांद्यावर बसला. मी एकाचा गळा धरला, तर त्यानं मला मशिनवर फेकलं. वहिनी किंचाळत होती, "अहो, द्या ना त्यांना!" आणि दादा... तो खाली बसून ट्रेमधले तडकलेले स्फटिक फोडत सुटला होता. दुसरा रॉड डोक्यात बसला.

ते तिघे आत आहेत. मला मात्र राग दादाचाच येतो. टाकाऊ तुकड्यांसाठी कुणी डोकं पुढे करतं का? पण ते तुकड्यांसाठी नव्हतं, हे मला कळतं.

गाळा पुन्हा उघडलाय. दादाच्या स्टुलावर, तपासणीच्या दिव्याखाली आता वहिनी बसते. परवा तिनं एक स्फटिक माझ्यापुढे धरला. कोपऱ्यात केसाएवढी रेघ होती. गिऱ्हाइकाला कधीच दिसली नसती. तिनं तो ऐरणीवर ठेवला.

"भाऊजी, तोंड फिरवा. एकच डोळा उरलाय," ती म्हणाली आणि दादाच्या शिवीसकट तिनं हातोडा हाणला.