बाबांचं प्रत्यार्पण

बाबा पुण्याहून पळून आलेत, हे मला ते हीथ्रोवर उतरून, स्लाऊला घरी येऊन, आंघोळ करून, पिठलं-भात जेवून झाल्यावर कळलं. सांगितलं दादाने, फोनवर, ओरडून. दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू, उजव्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलेलं, आणि पेशंट गायब. दादाला त्यांनी सांगितलं होतं, मुलीला बरं नाही, मला गेलंच पाहिजे. मला सांगितलं होतं, डॉक्टर म्हणाले काही घाई नाही.

"ताबडतोब परत पाठव त्यांना," दादा म्हणाला.

मी फोन बाबांच्या हातात दिला. बाबा मूळचे वेंगुर्ल्याचे, जन्मभर फौजदारी वकिली केलेले. घसा साफ करून ते म्हणाले, "रीतसर मागणी कर. इथलं सरकार विचार करेल."

इथलं सरकार म्हणजे मी.

हे सगळं त्यांच्या आजोबांवरून चाललं होतं. त्या आजोबांनी म्हणे मिठाचा कर वसूल करणाऱ्या इंग्रजांच्या शिपायाला चोपलं आणि होडीत बसून तेरेखोलची खाडी ओलांडली. अलीकडे इंग्रज, पलीकडे पोर्तुगीज. साहेबाने पणजीला कळवलं, आमचा गुन्हेगार आमच्या ताब्यात द्या. पणजीहून उत्तर आलं ते पोर्तुगीज भाषेत. दुभाषा मिळेपर्यंत पावसाळा लागला. मग पणजीने विचारलं, तुमचा हा गुन्हा आमच्या कायद्यात तरी गुन्हा आहे का? ही चर्चा चालू असताना आजोबा पेडण्यात रोज मासे खाऊन चांगले गुटगुटीत झाले. शेवटी त्यांना परत दिलं की नाही, हे बाबा दर वेळी वेगळं सांगायचे.

पोर्तुगीज व्हायला मला मनापासून आवडलं. आई गेल्यापासून बाबा दादाकडेच होते. माझ्या वाट्याला पहिल्यांदाच आले होते. सकाळी चहा घेताना समोर कुणीतरी पेपर उलगडून बसलंय, एवढ्यानेच मी दिवसभर खुशीत असायचे. पेपर ते वाचत नव्हते, नुसता धरून बसत, हे माझ्या लक्षात आलं होतं. विचारलं तर म्हणाले, "इथल्या बातम्यांत काही दम नाही." दादाचा फोन आला की मी मात्र पणजीसारखी टोलवाटोलवी करायचे. चिडून तो म्हणायचा, "अगं, मोतीबिंदू जास्त पिकला तर अवघड होऊन बसेल!" मग मी बाबांच्या मागे लागायचे, रागवायचे, भांडायचे. एकदाच ते खरं बोलले: "आहे तेवढं दिसतंय गं. कापाकापीत तेही गेलं तर?"

भाद्रपदात इथल्या मराठी मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये बसला. मेडनहेडपासून साउथहॅम्प्टनपर्यंतची माणसं जमली. वयाने सगळ्यांत मोठे म्हणून पहिल्या पूजेचा मान बाबांचा. गणपती स्टेजवर होता. दाराजवळच्या टेबलावर चहाचा स्टीलचा बंब होता. फोटोत बरा दिसावा म्हणून कुणीतरी त्यावर केशरी शेला टाकला होता आणि हाताशी असलेले जादा हार त्याच्या तोटीला अडकवले होते.

मी चपला ठेवायला गेले तेवढ्यात बाबांनी बंबासमोर डोळे मिटून खणखणीत अथर्वशीर्ष सुरू केलं. आता अथर्वशीर्ष म्हणणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला मध्येच थांबवायची छाती कुणाची? एक जण मागे हात जोडून उभा राहिला. त्याला बघून दुसरा. मी पोचेपर्यंत रांग लागली होती आणि साउथहॅम्प्टनचे एक हार्ट सर्जन बंबासमोर मान खाली घालून उभे होते. फलश्रुती संपली. बाबांनी दूर्वा वाहिल्या, वाकून चरणांना हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"पाय गरम कसे?"

जसा हशा पिकला, तसा त्या हॉलमध्ये पुन्हा ऐकला नाही. मंडळाची सेक्रेटरी हसून हसून खुर्चीत बसली. "काका, डोन्ट वरी," ती म्हणाली, "आज चहा प्रसाद म्हणूनच सर्व्ह करू!" सगळ्यांत जास्त बाबा हसले. मीही हसले, आणि हसता हसताच त्यांची बोटं भाजलीत का ते पाहिलं.

परत येताना गाडीत बाबा म्हणाले, "खरा गणपती कुठे होता?"

"स्टेजवर, बाबा. चांगला माझ्या खांद्याएवढा."

"लाइटिंग होतं?"

"खूप."

"मग दादाला फोन लाव. म्हणावं, आरोपी स्वतःहून हजर होतोय." आणि माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाले, "पोर्तुगीजांची काही तक्रार नाही. जेवण उत्तम होतं."

मी गाडी बाजूला घेतली आणि आधी रडून घेतलं.

ऑपरेशन झाल्यावर काही दिवसांनी दादाने कॉम्प्युटरचा कॅमेरा लावून बाबांना समोर बसवलं. बाबा पुढे वाकले. स्क्रीनभर त्यांचं नाक दिसलं, मग एक मोठा, स्वच्छ डोळा.

"तुझे केस कधी पिकले गं?"

"चार वर्षं झाली, बाबा." माझ्यासमोर बसून ते इथला अख्खा उन्हाळा जेवले होते.

ते बघतच राहिले. "आईसारखी दिसायला लागलीस," म्हणाले. मागून दादा ओरडत होता, डोळ्यांवर ताण देऊ नका, पुरे आता. आम्ही दोघांनीही त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.