पळसदेवची देवी आणि माझा दंड

हसायचं तर आधीच हसून घ्या मंडळी, कारण हे सांगताना मला अजून लाज वाटते. माझ्या एका वाक्यानं अख्खं पळसदेव घरं सोडून पळालं होतं!

सन तीसच्या पुढची गोष्ट. मी पुण्याहून तिथं नवाच शाळामास्तर होऊन गेलेलो. शेजारच्या गावात देवीची साथ आली, दोन पोरं दगावली. तालुक्याहून हुकूम आला: गुरुवारी डॉक्टर लस टोचायला येतील, मुलं हजर ठेवावीत, आणि लसीबद्दल कुणी अफवा उठवली तर मास्तरांनी ती दूर करावी. डॉक्टर येणार एकच दिवस. तो हुकला की पोरं साथीच्या तोंडी.

मला वाटलं, अडाणी लोक, फाटे फोडणारच. म्हणून मी कंबर कसूनच चावडीवर गेलो. तिथं तात्या पाटील तंबाखू मळत बसलेले.

"तात्या, गुरुवारी सरकारी माणूस येणार. गावातल्या देवी काढणार."

आता आमच्या पुण्यात टोचण्याला 'देवी काढणं'च म्हणतात हो! त्यात माझं काय चुकलं?

तात्यांचा अंगठा थांबला. "समद्या?"

"सगळ्या! एकही सोडणार नाही."

"आन् कुठं काढनार?"

"दंडावर."

दंड म्हणजे तात्यांच्या लेखी शेतात पाणी सोडायचा पाट, हे मला कोण सांगणार?

"दंडावर? उघड्यावर?"

"मग काय, झाकून कशी काढायची?"

"रगत निघंल?"

"थेंबभर. दोन दिवस ताप. पण एकदा काढली ना तात्या, की देवी पुन्हा तुमच्या दारात पाऊल ठेवायची नाही. सरकारची हमी!"

तात्यांनी हात जोडले आणि लगबगीनं देवळाकडं निघाले. मी खूश! म्हटलं, किती लवकर पटलं!

गुरुवारी डॉक्टर सायकलवरून आले. शाळेत चिटपाखरू नाही. घरांना कड्या. आणि देवळात बघतो तर गाभाऱ्यात देवीच नाही! डॉक्टर माझ्याकडं बघतात, मी चौथऱ्याकडं.

"काय हो मास्तर, तुमची देवीपण टोचून घ्यायला घाबरली का?"

मला तर काही कळेचना. शोधत शोधत भीमेच्या काठी गेलो, तर बाभळीत सगळं गाव! पुढं काठी घेऊन तात्या, मागं पोरंबाळं, आणि मधोमध देवळाची पुजारीण भागूबाई, देवी पाटीत घेऊन.

"माझा मुडदा पडला तरी आईला काढू देनार न्हाय!" तात्या गरजले.

"अहो तात्या, साथ दारात आलीय! पोरं मरतील!" मी रडकुंडीला आलो होतो.

डॉक्टरांनी पेटी उघडली. "पाटील, मी टोचायला आलोय."

"टोचाया? मंग आमची देवी कोन काढतंय?"

सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं.

"आगं बया, टोचनी व्हय!" भागूबाईनं कपाळावर हात मारला. "मंग तसं सांगायचं की! आमी काय येडं हाय व्हय न्हाय म्हनायला? मागच्या खेपेला समद्यांनी टोचून घेतलं. दोन दिस हात दुखला, बास!" तिनं देवी झाडाखाली टेकवली आणि पहिला नातू पुढं ढकलला.

उन्हं कलेपर्यंत शेवटचं पोर टोचून झालं. माझा जीव भांड्यात पडला. मग डॉक्टरांनी कागद काढला.

"उशीर का झाला, लिहावं लागेल. अफवा कसली होती?"

"सरकार देवी उचलून नेनार, अशी," तात्या म्हणाले.

"उठवली कुणी?"

मी भीमेचं पाणी न्याहाळू लागलो.

"लिवा की, मास्तरांनी."

"आणि दूर कुणी केली?"

"भागूबाईनं."

डॉक्टरांनी सगळं टिपून घेतलं. खाली गावातल्या एका साक्षीदाराची सही हवी होती. आणि सही करता येणारा माणूस गावात एकच होता हो! केली मुकाट्यानं.