पेमा काय विचारत होती

मंडळी, आज सकाळी कोल्हापुरातल्या दवाखान्यात एक परदेशी मुलगी मोबाईलमधल्या भाषांतराच्या अ‍ॅपमधून मराठीत डॉक्टरांशी बोलताना दिसली. तेव्हापासून पेमा डोळ्यांसमोरून हलत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पेमा तिबेटी. थंडीत स्वेटर विकायला आलेली, मंगळवार पेठेत आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. नवरा माल आणायला गेला आणि तिला जबर ताप चढला. आई आणि मी तिला टांग्यातून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी हिंदीत विचारलं, इंग्रजीत विचारलं. तिला दोन्ही भाषा येत नव्हत्या.

"कुठं दुखतंय तेवढं तरी इचारा की!" नर्सबाई आमच्यावरच ओरडल्या.

पेमा आईचा हात घट्ट धरून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिला धीर यावा म्हणून आई मान हलवायची, "व्हय बाई, व्हय."

संध्याकाळी पेमा गेली.

नवरा परतला तेव्हा आई आत चहा करत होती. मी त्याला ते वाक्य जमेल तसं म्हणून दाखवलं. त्यानं मालाचं गाठोडं खाली ठेवलं. मग मोडक्या हिंदीत म्हणाला, "पूछती थी, मैं मरेगी क्या?"

आईला मी हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. तुम्ही सांगितलं असतं?