तांब्याच्या हातोडीचे तीन ठोके

पोंभुर्ण्यात मी वर्कशॉप टाकलं त्याच महिन्यात एक शिक्षक आपली जुनी टू-स्ट्रोक गाडी ढकलत घेऊन आले. ते रोज जंगलातल्या कच्च्या रस्त्यानं शाळेत जात. किक मारली की इंजिन खडखडून बंद पडायचं.

"मिस्त्री कुठी गेले, बाई?" त्यांनी विचारलं.

"मीच मिस्त्री. बसा, भाऊ."

इंजिन उघडलं, तर क्रँकवरचा, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्यावरचा, कनेक्टिंग रॉड पार सैल झालेला. प्रेसवर क्रँकच्या दोन्ही चकत्या वेगळ्या केल्या, नवा रॉड, पिन आणि बेअरिंग घातलं आणि चकत्या पुन्हा दाबून बसवल्या. मग क्रँक दोन टोकांवर धरला आणि त्याला मोजमापाचा डायल टेकवून फिरवला. डायलचा काटा हलला, म्हणजे चकत्या अजून एका रेषेत नव्हत्या.

"एवढंसं तर हाय, चालून जाईल ना," शिक्षक म्हणाले.

"नाई चालत," म्हणत मी तांब्याची हातोडी उचलली आणि चकतीच्या कडेवर जोरात ठोका हाणला.

ते ताडकन उठले. "अवो, नवं सामान हाय! काऊन मारून राह्यल्या?"

मला हसू आलं. मी शिकत होते तेव्हा असा पहिला ठोका बघून मीही अशीच ओरडले होते. आता चकती रेषेत आणायला कुठे आणि किती जोरानं मारायचं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिसऱ्या ठोक्यानंतर काटा जागचा हलेना.

संध्याकाळी दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. ते बराच वेळ आवाज ऐकत उभे राहिले.

"मिस्त्रीबाई, मले शिकवता का हे?"

"उद्या रविवार हाय. जुने कपडे घालून या."