कोरडे पाय

"पाय पडला तं पाणी मेलं. उपस."

पाटील एवढंच बोलला. मी नाल्यात उभा. उजवा पाय घोट्यापर्यंत पाण्यात, डावा वाळूवर, काखेत दप्तर. वय दहा.

आमचं गाव डोणगावच्या बाजाराला जाणाऱ्या वाटेवर. नाल्याच्या त्या अंगाला गाव, या अंगाला आमची वस्ती. धम्म घेऊन आम्हाला चार वर्षं झाली होती, घरात बुद्धाची तसबीर लागली होती, पण गावाच्या तोंडी वस्तीचं जुनंच नाव होतं. उन्हाळ्यात नाल्याचं पाणी गढूळ व्हायचं, म्हणून काठाच्या वाळूत खड्डा करून त्यात झिरपलेलं स्वच्छ पाणी प्यायला न्यायचे. त्या खड्ड्याला झिरा म्हणायचं. गावाचा झिरा वरच्या अंगाला, आमचा खालच्या. शाळा गावात. शाळेत जायचं तर खालून मोठा वळसा, नाहीतर गावच्या झिऱ्याजवळ नाला चिंचोळा होता तिथून उडी. तिथला कायदा पाटलानंच घालून दिला होता. आमच्या पोरांनी उडी मारून खुशाल जावं, पण पाण्याला पाय लागता कामा नये. म्हशींना हा कायदा लागू नव्हता. त्या त्याच पाण्यात दुपारभर बसायच्या.

त्या दिवशी काठाची वाळू ढासळली आणि माझा पाय घसरला. बस, एवढंच झालं.

माझा बाप पाटलाचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. त्याला शेतातून बोलावून आणलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पागोटं काढून काठावर ठेवलं आणि माझ्या शेजारी झिऱ्याशी गुडघ्यावर बसला. भांडं लावायचं नाही असं सांगितलं होतं, म्हणून आम्ही बापलेक ओंजळीनं झिरा उपसत होतो. झिरा कसा उपसला जाणार? आपण काढतो तेवढं खालून येतच राहतं. काठावर बाया रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या. कोणी हसत नव्हतं, कोणी शिव्या देत नव्हतं. पाणी कधी संपतं याची वाट पाहत होत्या, जशी एसटीची पाहावी तशी. ऊन डोक्यावर आलं तेव्हा पाटील म्हणाला, "बस झालं."

पायानं पाणी मेलं, तर चार हात लागल्यावर ते जिवंत कसं झालं? हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं बऱ्याच वर्षांनी, एका परक्या शहरात रस्त्यानं चालताना. मी एकटाच मोठ्यानं हसलो. मग असा राग आला की चालता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बा लिंबाची छडी घेऊन मला नाल्यावर, आमच्या झिऱ्याच्याही खाली, घेऊन गेला. तो पलीकडच्या काठावर उभा राहिला. म्हणाला, "मार उडी."

मी मारली. टाच ओली झाली. छडी टाचेवर बसली.

"अजून मार. पाय वल्ला दिसला तं झोडपीन."

महिनाभर हे चाललं. मग बा मला जरा रुंद जागी नेऊ लागला, मग आणखी रुंद. बा माझ्या तोंडाकडे बघायचाच नाही, नजर पायांवर. पाय कोरडे असले की छडी खाली आणि मी शाळेत. माझा बाप वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त पुन्हा कधी गुडघ्यावर बसायचं नव्हतं, आणि त्यासाठी पाटलाला बदलण्यापेक्षा पोराचे पाय बदलणं त्याच्या हातात होतं.

मेहकरच्या हायस्कुलात मी लांब पळायला लागलो. पळण्यात आमच्या वस्तीच्या पोरांना काही विशेष शिकावं लागत नाही. मॅट्रिक झालो आणि एका सरकारी खात्यात खेळाडू म्हणून नोकरी लागली. पुण्याला राहायचं, सकाळ-संध्याकाळ पळायचं, मधल्या वेळात कचेरीत बसायचं. तिथे मला पहिल्यांदा कळलं की स्टीपलचेज नावाची शर्यत असते. तीन हजार मीटर. वाटेत जाड लाकडी अडथळे, आणि दर फेरीला एका अडथळ्याच्या पुढे पाण्याचा खड्डा. अशा सात फेऱ्या. पाण्यावरून उडी मारायची शर्यत, तीसुद्धा पगारी! मी कोचना म्हणालो, "साहेब, या कामाचा मले आठ वर्षांचा अनुभव आहे." ते हसले. माझं 'मले' ऐकून बाकीची पोरंही हसली.

पहिल्याच दिवशी मी अडथळ्यावर पाय देऊन अख्खा खड्डा ओलांडला. दोन्ही पाय पलीकडे कोरड्या मातीत. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कोचनी वाजवल्या नाहीत.

ते पलटणीतून निवृत्त झालेले, पुण्याचेच. आवाज चढवायचे नाहीत. म्हणाले, "उडी सुंदर आहे. पण ती शर्यतीची नाही. हा खड्डा अडथळ्यापाशी खोल आहे आणि पुढे उथळ होत जातो. तो ओलांडायचा नसतो. शेवटी घोटाभर पाणी राहतं, तिथे एक पाय टाकायचा आणि त्याच पायावर पुढे निघायचं. तू एवढी लांब उडी मारतोस, मग गुडघे मोडून बसतोस, मग उठून पुन्हा पळायला लागतोस. दर फेरीला घोडं अडतंय तुझं. पाण्यात पाय टाक."

"हो साहेब," मी म्हणालो.

आणि टाकला नाही. टाकायचा ठरवून धावत यायचो, अडथळ्यावर पाय पडायचा आणि अंग आपोआप ताणलं जायचं. पाय कोरड्यात. पुन्हा. पुन्हा. महिनाभर, मग वर्षभर, मग आणखी तीन वर्षं. पोरं मला मांजर म्हणू लागली. "मांजर आली, पाणी झाका." मीही हसायचो. कधी सांगितलं की पोटरीत गोळा येतो, कधी सांगितलं की बुटात पाणी गेलं की फोड येतात. खरं कारण सांगायचं तर नाला सांगावा लागला असता, बा सांगावा लागला असता. ते मला जमणारं नव्हतं.

सपाटीवर मी कोणालाही ऐकत नव्हतो. पाण्याशी आलो की दोघं-तिघं पुढे निघून जायचे. कायम चौथा नाहीतर पाचवा. खात्यातले लोक म्हणायचे, पोरात दम आहे, पण कच खातो.

एकदा कोचनी वैतागून मला खड्ड्यात नुसतं उभं केलं. म्हणाले, "पळू नकोस. उभा राहा." घोटाभर पाणी, स्वच्छ. मी उभा राहिलो आणि मला दरदरून घाम फुटला. कोच माझ्याकडे पाहत राहिले. मग हळूच विचारलं, "सारखं मागे काय बघतोस?"

तेव्हा कळलं की मी काठावर कोण आलंय ते बघत होतो. पुण्यात. त्या मैदानावर माझ्या गावचं कुत्रंही नव्हतं, आणि मी पाटील येतो का ते बघत होतो.

त्या दिवसापासून झोप उडाली. जेवताना पाय हलायचे, कचेरीत टेबलाखाली पाय हलायचे. एका जागी बसवेना. आपल्या मालकीचं म्हणावं असं माझ्याकडे काय होतं? पाय होते. आणि त्या पायांवर दुसऱ्याच कुणाचा हुकूम चालत होता. ही गोष्ट मला सहन होईना.

राज्याच्या संघासाठीची निवड त्या वर्षी खामगावला होती. पहिले दोघं घेणार होते. मैदानाच्या कडेला नवा खड्डा खणून त्याला फरशी घातली होती, आणि जवळच्या कापसाच्या जिनिंगच्या विहिरीचं पाणी टँकरनं आणून भरलं होतं. आपल्या जिल्ह्यात शर्यत म्हणून मी बाला पत्र टाकलं. बा एसटीनं आला, धुतलेलं धोतर नेसून. मला वाटलं होतं, तो खुर्च्यांवर बसेल. तो मांडवात शिरलाच नाही. मैदान बघत बघत गेला आणि नेमका पाण्याच्या खड्ड्याच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला. हातात छडी नव्हती, एवढाच फरक.

मांडवात मधल्या खुर्चीवर पाटील होता. आता तो पंचायत समितीवर निवडून आला होता, त्यामुळे पाहुणा म्हणून बोलावलं होतं. शर्यतीआधी खेळाडूंची ओळख करून देत होते. माझं गाव ऐकताच तो उठून पुढे आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि शेजारच्या पाहुण्यांना म्हणाला, "हा आपल्याच सालदाराचा पोरगा. ह्याची उडी म्या बसवली. नाल्यावर. पाह्यजा तुमी, पाण्याले पाय नाही लावत. वळण आहे त्याले." पाहुणे हसले. पाटील माझ्याकडे वळला. "काऊन बे, खरं आहे का नाही?"

"हाव मालक," मी म्हणालो.

माझ्या तोंडून आलं ते. कोणी छडी मारली नव्हती, कोणी गुडघ्यावर बसवलं नव्हतं. अंगावर सरकारी खात्याचा बनियन, पायात खिळ्यांचे बूट, आणि मी म्हणालो, हाव मालक. झिरा उपसला त्या दिवसापेक्षा ती लाज मोठी होती. त्या दिवशी मी दहा वर्षांचा होतो.

शर्यत सुटली. मी ठरवलं होतं की पहिल्याच फेरीला पाय पाण्यात टाकायचा, आणि असा टाकायचा की मांडवापर्यंत आवाज जाईल. अडथळा आला, पाय दिला, आणि पलीकडे कोरड्या मातीत उतरलो. समोर बा. नजर माझ्या पायांवर. दुसरी फेरी, तेच. मांडवातून टाळी आली. तिसरी, चौथी. मी स्वतःला आईबापावरून शिव्या घालत पळत होतो. पाचव्या फेरीला पाटलाचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "पाह्यलं का? म्या काय म्हनलं होतं!" सहावी फेरीही कोरडी. माझ्यापुढे चौघं होते.

सातव्या फेरीला मी बाकडे पाहिलं नाही. मांडवाकडेही नाही. अडथळ्यावर उभा झालो तेव्हा खाली फक्त पाणी पाहिलं. विहिरीचं पाणी. आकाश दिसत होतं त्यात. मी अंग आवरलं. लांब जाणारं अंग मुद्दाम तोकडं केलं आणि उजवा पाय पाण्यात मारला.

गार लागलं. बस, तेवढंच. आभाळ कोसळलं नाही, पाणी मेलं नाही. पायाखाली फरशी घट्ट होती आणि पुढचा पाय आपोआप निघाला होता. इतकं सोपं होतं ते! बारा वर्षं! मी रडत पळालो, रागानं रडत, आणि शेवटच्या सरळ वाटेवर दोघांना मागे टाकलं.

तिसरा आलो. दोघांनाच घेणार होते.

कोच घड्याळ घेऊन धावत आले. म्हणाले, "सातही फेऱ्या अशा पळाला असतास तर आज पहिला होतास." मला ते माहीत होतं. सहा फेऱ्या मी पाटलासाठी पळालो होतो.

बाच्या धोतरावर पाणी उडालं होतं. तो ते घाईघाईनं झटकत होता, परक्या मालकीचं पाणी अंगावर उडालंय तसा. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काऊन टाकला पाय? मालक पाहून राह्यले होते ना!"

"म्हणूनच टाकला, बा."

मी पुढे निघालो. मांडवासमोरून जाताना पाटील म्हणाला, "आज चुकला बे तू." मी थांबलो. माझ्या बुटातून पाणी गळत होतं. म्हणालो, "चुकलो नाही. टाकला." मालक म्हणालो नाही. एक शब्द कमी बोललो, तर पाटलाचं तोंड उतरलं.

दुसऱ्या दिवशी गावी गेलो. सकाळी बाया पाणी भरत होत्या. मी वरच्या अंगाला गेलो आणि लहानपणी जिथे पाय घसरला होता तिथे दोन्ही पाय नाल्यात टाकून उभा राहिलो. बा या काठावर होता. "भाईर ये रे बाप्पा, भाईर ये," म्हणत होता आणि मागे वळून वळून बघत होता. पुण्याच्या खड्ड्यात मी बघत होतो, तसाच.

पाटील आला. मागे त्याचा एक गडी. गावच्या वरच्या आळीतला, म्हणजे वरच्या जातीचा, हातात घमेलं घेतलेला. पाटलानं तेच जुने शब्द काढले. "उपस."

मी म्हणालो, "पाणी मेलं असंल तं तुमी उपसा."

पाटलानं गड्याला खूण केली. गडी खाली बसून झिरा उपसायला लागला. मी पाण्यातून हललो नाही. मी उभा आहे तोवर त्याचं उपसणं फुकट होतं, हे त्यालाही कळत होतं, पाटलालाही कळत होतं आणि काठावरच्या बायांनाही. तरी तो उपसत राहिला. खालून पाणी येत राहिलं. ऊन चढलं. "बस झालं" असं त्या दिवशी कोणीच म्हणालं नाही. शेवटी एक म्हातारी उठली, घागर बुडवून भरली आणि चालू लागली.

त्याच दिवशी पाटलानं बाची सालदारकी मोडली. बा माझ्याशी दोन महिने बोलला नाही. मी त्याला दोष देत नाही, माफीही मागितली नाही. त्याला पुण्याला चल म्हणालो, तो आला नाही. अजून त्याच वस्तीत आहे, अजून वळसा घालून खालून जातो.

मी रोज सकाळी मैदानावर जातो. पळायच्या आधी खड्ड्यात उतरतो आणि काठाकडे पाठ करून उभा राहतो. पुढच्या निवडीला पहिल्या फेरीपासून पाय पाण्यात पडेल. प्रत्येक सुट्टीला गावी जाईन आणि नाला ओलांडणार नाही, त्यातून चालत जाईन. पाणी मेलं असं ज्याला वाटतं त्यानं खुशाल गुडघ्यावर बसावं आणि उपसावं. माझ्या घरातलं कोणी यापुढे उपसणार नाही.