मंडणगड ते वेळणेश्वर, आणि भावाला घालायला लावलेले ग्लोव्हज

मे महिन्याची सुट्टी लागली त्याच दिवशी मी नितीनला फोन केला. म्हटलं, तीन दिवस काढ, मंडणगडवरून वेळणेश्वरला जाऊ, सायकलवर. नितीन माझा धाकटा भाऊ. लोट्याच्या एका केमिकल कंपनीत कंत्राटावर आहे, म्हणजे होता. तिथून आखाती देशात गेलेल्या एका मित्राने त्याला आपली जुनी माउंटन बाईक देऊन टाकली होती आणि ती खोलीच्या दाराशी धूळ खात पडली होती. तो म्हणाला, "येतो गो ताई. पण उन्हाने पार जीव निघेल." मी म्हटलं, निघू दे. झालं, ठरलं.

या ब्लॉगवर मला दर उन्हाळ्यात एकच प्रश्न येतो: एवढ्या उकाड्यात ग्लोव्हज घालायचे का? घामाने हात चिकचिकतात, मनगटावर पट्टे उठतात, मग कशाला तो उपद्व्याप? माझं उत्तर ठरलेलं असायचं. घालायचे, वाद नको. दोन वर्षांपूर्वी सड्यावर, म्हणजे आमच्याकडच्या उघड्याबोडक्या कातळाच्या माळावर, मी मोकळ्या हातांनी आपटले आणि दोन्ही तळव्यांची सालटी निघाली. पंधरा दिवस खडू धरता येईना. चौथीची पोरं फळ्यावर लिहायची आणि मी नुसती तोंडाने शिकवायची. तेव्हापासून या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. खरं सांगायचं तर एरवीही फारसं ऐकत नाही. शाळेत मास्तरीण, घरात थोरली. सवयच तशी लागलीय.

तर नितीनसाठी मी नवे ग्लोव्हज घेऊन ठेवले होते. वरून जाळी, तळव्याला गादी, चांगले महागातले. पहाटे साडेपाचला विहारासमोरच्या ओट्यावर आई आम्हाला निरोप द्यायला उभी होती, तिच्यासमोरच मी ते त्याच्या हातात ठेवले. त्याने पाहिले, "भारी हायत" म्हणाला आणि बॅगेत टाकले.

"बॅगेत काय? घाल की."

"आठ तास हातात रबर असतं गो ताई. सुट्टीला तरी हातांना वारा लागू दे."

"कंपनीतले वेगळे, हे वेगळे. हे जाळीचे आहेत."

"नको ना पण."

आई म्हणाली, "राहू दे गो, त्याला नको तर नको." मी राहू दिलं, पण तोंड फुगवूनच.

मंडणगड ते दापोली हा सगळा चढउताराचा रस्ता. सकाळी नऊपर्यंत जेवढं अंतर कापाल तेवढंच तुमचं, पुढे ऊन तुम्हाला कापतं. पाणी माणशी तीन लिटर घ्या, मध्ये पंक्चरवाला मिळेल या भरवशावर राहू नका. आम्ही डांबरी सोडून दोन ठिकाणी सड्यावरच्या वाटेने गेलो. जांभ्याची बारीक खडी चाकाखाली अशी सरकते की ब्रेक जपून दाबावा लागतो. नितीन मोकळ्या हातांनी, हँडल बोटांच्या टोकांनी धरल्यासारखं चालवत होता. मी मागून ओरडत होते, "नीट धर! आपटशील!" तो आपटला नाही. माझंच पुढचं चाक एका खड्ड्यात गेलं आणि मी करवंदीच्या जाळीत. ग्लोव्हज होते म्हणून हात वाचले, हे मी त्याला तीनदा ऐकवलं.

दापोलीत एसटी स्टँडजवळ लॉज घेतला. हजार-बाराशेत दोन पलंगांची स्वच्छ खोली मिळते, सायकली जिन्याखाली ठेवू देतात. रात्री जेवायला बांगडा मागवला. नितीन चमच्याने जेवला. बांगडा, चमच्याने! मी म्हटलं, "साहेब झालास की रे, काट्याचमच्याचा." तो हसला. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी दाभोळची वाट. शेवटचा खाडीकडचा उतार चांगलाच आहे, वळणावर वाळू असते, ब्रेक तापतात. उताराच्या तोंडाशी मी सायकल आडवी घातली.

"आता घालतोस, की मी इथूनच मागे वळू?"

लहानपणापासून ही धमकी त्याच्यावर चालते. त्याने बॅग उघडली, माझ्याकडे पाठ केली आणि ग्लोव्हज घालू लागला. खूप वेळ लावला. मला वाटलं, रुसलाय. वळला तेव्हा कपाळावर घाम डवरला होता. "चल," म्हणाला.

दाभोळच्या जेट्टीवरून पलीकडे धोपाव्याला फेरीबोट जाते. माणसाचं तिकीट अगदी किरकोळ, सायकलचं थोडं वेगळं, गाड्या आधी चढू द्यायच्या. बोटीत टोपल्या घेतलेल्या दोन मासेवाल्या होत्या. त्यातल्या एकीने नितीनच्या हातांकडे बोट दाखवलं.

"काय रे बाबा, एवढ्या उकाड्यात हातात मोजे?"

"ताईने दिलेत," नितीन म्हणाला.

"मंग घालायलाच लागतात," दुसरी म्हणाली आणि दोघी खळखळून हसल्या. मीही मान डोलावली, काय कौतुक वाटत होतं माझं मला!

धोपाव्याला उतरून टपरीवर वडापाव खाल्ला. नितीनने ग्लोव्हजसकट पाव धरला.

"काढ की आता, खाताना तरी."

"राहू दे. परत घालायला त्रास."

"बघ, लागली ना सवय?" मी म्हटलं. हे वाक्य मी म्हटलं, याच तोंडाने. अर्धा वडा त्याने टाकून दिला. भूक नाही म्हणाला.

गुहागरवरून वेळणेश्वरपर्यंतचा रस्ता देखणा आहे, तुम्ही जाल तर सकाळी जा. आम्ही भर दुपारी गेलो. डांबर मऊ झालं होतं, झाडाची सावली सापडेल तिथे थांबत होतो. मी फोटो काढले, त्याला अंगठा दाखवायला लावला, चारदा. संध्याकाळी पाचच्या सुमारास उतार संपून समुद्र दिसला आणि मला इतका आनंद झाला की मी शाळेतल्या पोरीसारखी ओरडले.

किनाऱ्यापासून जरा आत एका मावशींकडे उतरलो होतो. घरगुती जेवण, दोन खोल्या, मागे विहीर. मी आंघोळ करून ओटीवर येऊन बसले, चहा झाला, दुसरा झाला. मावशी आतून आल्या.

"अगो, तुझा भाऊ मोरीत कधीचा बसलाय. बघ जरा, बरं नाय की काय त्याला."

नितीन मोरीच्या कट्ट्यावर बसला होता. दोन्ही हात बादलीत, ग्लोव्हजसकट. मला बघून म्हणाला, "निघत नायत गो."

मी एक बोट धरून ओढलं. त्याने ओठ आवळले. मग मी खाली बसले आणि एकेक बोट, पाणी घालत घालत, सोडवलं. कातडं सुटून ग्लोव्हजच्या आत राहत होतं. तळव्यावर जागोजागी उघडं मांस, बोटांच्या बेचक्यांत लाल, ओलं. माझ्या जाळीच्या महागातल्या ग्लोव्हजमध्ये त्याने ते हात दिवसभर कोंबले होते आणि हँडल धरलं होतं. मला रडूच फुटलं. मावशींनी खोबरेल तेल आणलं, जुनं सुती धोतर फाडून दिलं. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "रडू नको, धर त्याचा हात नीट."

मग त्याने सांगितलं. कंपनीत पातळ रबरी ग्लोव्हज मिळतात, लवकर फाटतात, बदलून मिळत नाहीत. फाटलं की माल, म्हणजे केमिकल, आत जातो आणि आतच राहतो, वर घाम. काढून काम केलं तर सुपरवायझर बोंब मारतो, घालून केलं तर हात जळतात. चार महिने हे चाललं होतं. आईला माहीत नव्हतं, मयुरीला, म्हणजे त्याच्या बायकोला, ठाऊक होतं. तीच भात कालवून द्यायची.

"डॉक्टरला का नाही दाखवलंस?"

"दाखवलं. मलम दिलंन. काम बदला म्हणाला." तो हसल्यासारखं करत होता. "ताई, दिवाळीनंतर परमनंटची यादी लागतेय. माझं नाव हाय त्यात, साहेबाने सांगितलंन. तोवर कसंबसं काढतो. तू यात काय करू नकोस. कुणाला बोलू नकोस. माझं मी बघतो."

"बरं."

"शप्पथ?"

"शप्पथ," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सायकल चालवणं शक्यच नव्हतं. वेळणेश्वरला जुनं शंकराचं देऊळ आहे, किनारा शांत आहे, लोक त्यासाठीच जातात. आम्ही वाळूवर सुरूच्या सावलीत बसून राहिलो. चिपळूणवरून पुढे लोट्याकडे जाणारा एक टेम्पो मिळाला, दोन सायकली आणि दोन माणसं, घासाघीस करून हजारात. लोट्याच्या फाट्यावर नितीन उतरला. शिफ्टच्या बसेस सुटायची वेळ होती. फडक्यांनी गुंडाळलेले हात त्याने खिशात घातले आणि निघाला.

आता इथून पुढचं प्रवासवर्णन नाही, पण त्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

आमचे बाबा तहसील कचेरीत कारकून होते. अख्ख्या वाडीचे अर्ज ते लिहायचे. पाण्याचा, रस्त्याचा, शाळेच्या गळक्या छपराचा. आमच्या घरात अर्जावर श्रद्धा आहे. बाबा सांगायचे, निनावी अर्ज हा अर्जच नव्हे. नाव लिहायचं, खाली सही ठोकायची आणि पोच घेतल्याशिवाय पायरी उतरायची नाही. आमच्या आज्याला त्या कचेरीच्या पायरीशी उभं करत नसत, म्हणून बाबांना त्या पोचेचं एवढं मोल होतं. ते मला कळतं. आजही कळतं.

मी आठ दिवस कळ काढली. नवव्या दिवशी कोरा कागद घेतला. विषय: कामगारांना योग्य दर्जाचे हातमोजे मिळणेबाबत. पाच मुद्दे, शुद्ध भाषेत, कुठे अपशब्द नाही. दुसऱ्या मुद्द्यात भावाचं पूर्ण नाव, कारण नावाशिवाय वजन नाही. वेळणेश्वरला फडकी बदलताना काढलेला हातांचा फोटो जोडला. त्याला फोन केला नाही. केला असता तर तो नको म्हणाला असता, म्हणून केला नाही. स्वतः लोट्याला गेले, गेटवरच्या ऑफिसात अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. पोच पर्समध्ये ठेवून बाहेर आले तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला बाबांची आठवण येऊन ऊर भरून आला होता.

पुढच्या सोमवारी नितीनचा गेटपास चालेना. कंपनी म्हणाली, कामगार कंत्राटदाराचा. कंत्राटदार फार गोड बोलला. काढलं कुठे, हात पूर्ण बरे होईपर्यंत आराम करू दे, तुमच्या ताईंनाच काळजी आहे ना! यादीतलं नावही आराम करायला गेलं.

मयुरी माझ्याशी बोलत नाही. आई बोलते, पण जेवण वाढताना माझ्याकडे बघत नाही. नितीन खोली सोडून गावी आला आणि पाऊस पडेपर्यंत चालेल म्हणून चिरेखाणीवर लागला. मशीन जांभा कापतं, कापलेले चिरे माणसं उचलून ट्रकात भरतात. मी गेल्या आठवड्यात सायकलने तिथे गेले. तो तांबड्या धुळीने माखला होता, हातांना फडकी बांधली होती. मला बघून चिरा खाली ठेवला आणि कळशीतलं पाणी दिलं.

"नवे ग्लोव्हज आले म्हणे कंपनीत," तो म्हणाला. "कोपरापर्यंत, जाड. सगळ्या पोरांना दिले. चांगले हायत म्हणतात."

मी म्हटलं, "नितीन, मी..."

"तुझा अर्ज चांगला होता. साहेबाने वाचून दाखवलान मला." मग फडक्याची गाठ दातांनी आवळून म्हणाला, "इथे नको हां करूस. इथे अर्ज द्यायला ऑफिसच नाय." तो चिडून बोलला असता तर मी भांडले असते. तो चिडला नव्हता. ट्रकवाल्याने हाक मारली तसा तो वळला आणि चिरा उचलला.

घरी येऊन मी हे लिहितेय. रस्ता चांगला आहे, फेरीबोट वेळेवर असते, मावशींचं जेवण उत्तम, पाणी जास्त घ्या. ग्लोव्हजचं विचाराल तर मी आजही घालते, कातळावर पडलात तर उपयोग होतो. पण तुमच्याबरोबरचं कुणी नको म्हणालं, तर का नको एवढं विचारा आणि ते उत्तर देईपर्यंत गप्प बसा. मला ते जमलं नाही. माझ्या भावाने मला दोनदा नको म्हणून सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा मला त्याच्यापेक्षा जास्त कळत होतं.